घरखर्चाची वही : डॉक्टर लेकीचे विद्यावेतन आणि तिचा प्रबंध



या खेपेच्या पत्रांच्या गठ्ठ्यात लोणच्याला बुरशी का येते, साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा अशा नेहमीच्या प्रश्नांबरोबर तीन पत्रे निराळीच निघाली. घाटकोपरच्या एका भगिनींची मुलगी एम.डी. करते आहे. त्या लिहितात, "मुलीला दरमहा चांगले पैसे मिळतात. तिचे वडील म्हणतात, आता घराच्या हप्त्याला हातभार लाव. मुलगी म्हणते, माझ्या प्रबंधाला खर्च आहे. घरात रोज धुसफूस." बोरिवलीच्या भगिनींचा मुलगा खासगी महाविद्यालयात आहे. त्या विचारतात, "सरकारीत मिळते तेवढे याला का मिळत नाही?" आणि मुलुंडच्या एका सासूबाईंनी मोकळेपणाने लिहिले आहे, "सून एम.एस. झाली की दवाखाना टाकेल असे आम्ही धरून चाललो होतो. आता ती संशोधन करीन म्हणते. संशोधनाने पोट भरते का हो?"

प्रश्न तीन असले तरी मुळात एकच आहेत. डॉक्टरीच्या वरच्या शिक्षणात हातात पडणारे पैसे कसले, ते किती, आणि त्या वर्षांत जे संशोधन करावे लागते त्याचा उपयोग काय? मी काही डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, सकाळी संसार आणि दुपारी शाळेत अर्धवेळ शिकवणारी बाई. पण नात्यात आणि शेजारात अशी मुले-मुली आहेत, आणि हिशेब मांडायची सवय तर आपल्या सर्वांनाच असते. तेव्हा आज हीच वही उघडू या.

पगार की विद्यावेतन?

बारावीनंतर साडेचार वर्षे एम.बी.बी.एस., मग एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर 'नीट-पीजी' ही परीक्षा. ती पार पडून जागा मिळाली की एम.डी. किंवा एम.एस.ची तीन वर्षे सुरू होतात. या तीन वर्षांत मुलगी विद्यार्थिनी असते आणि रुग्णालयाची कामकरी डॉक्टरही असते. तिला 'निवासी डॉक्टर' म्हणतात. जुन्या माणसांना हाउसमन आणि रजिस्ट्रार हे शब्द आठवत असतील, तीच ही मंडळी. रात्री दोन वाजता केईएमच्या, सायनच्या, नायरच्या किंवा जुहूच्या कूपर रुग्णालयात तुम्ही पेशंट घेऊन जाता तेव्हा समोर जी शिणलेल्या डोळ्यांची पोरगी स्टेथास्कोप लावून उभी असते ना, ती बहुधा निवासी डॉक्टरच.

तिला दरमहा जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, 'विद्यावेतन' म्हणतात. शब्दातच दोन्ही गोष्टी आल्या. ती शिकते म्हणून विद्या, आणि राबते म्हणून वेतन. सरकारी महाविद्यालयात ते राज्य सरकार देते, मुंबईच्या महापालिका महाविद्यालयांत महापालिका. पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी आणि दुसऱ्यापेक्षा तिसऱ्या वर्षी थोडे जास्त असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांच्या 'मार्ड' या संघटनेने संप केला, आणि त्या महिनाअखेरीस मंत्रिमंडळाने विद्यावेतनात दरमहा १०,००० रुपयांची वाढ मान्य केली. त्याच वेळी इंटर्नचे विद्यावेतन ११,००० वरून १८,००० रुपये करण्याचे ठरले.

आकडा ऐकला की शेजारणी म्हणतात, "शिकता शिकता एवढे मिळतात? मजा आहे बाई!" जरा थांबा. आपण दूधवाल्याचा हिशेब करतो तसा हाही करू. समजा, हातात ८०,००० रुपये आले. केंद्र सरकारने १९९२ साली निवासी डॉक्टरांसाठी जो आदेश काढला त्यात सलग काम एरवी १२ तासांहून अधिक नसावे आणि आठवड्याचे साधारण ४८ तास असावे असे म्हटले आहे. त्या मानाने महिन्याचे सुमारे २०६ तास होतात, म्हणजे ताशी ३८८ रुपये. आता समजा प्रत्यक्षात आठवड्याचे ८० तास भरले. सर्जरी नाहीतर प्रसूती विभागात असलेल्या कोणत्याही मुलीच्या आईला विचारा, हा आकडा फुगवलेला नाही असेच ती सांगेल. मग महिन्याचे ३४४ तास झाले आणि ताशी दर आला २३३ रुपये. त्यात रात्रपाळी आली, सणवार आले, दिवाळीची पहाट वॉर्डात गेलेली आली. तेव्हा "मजा" हा शब्द परत घ्यावा हे बरे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत कामाचे तास 'वाजवी' असावेत, विश्रांतीला पुरेसा वेळ मिळावा, वर्षाला किमान २० दिवस भरपगारी किरकोळ रजा आणि वर ५ दिवस शैक्षणिक रजा असावी असे लिहिले आहे. आठवड्याची सुट्टीही आहे, पण कामाची निकड पाहून. ही 'निकड' फार लवचीक असते, ते आपल्याला ठाऊक आहेच. घरातल्या बाईची सुट्टीही निकड पाहूनच असते की!

पैसे हातात पडेपर्यंत

हे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतीलच असे धरून हप्ते बांधू नका. माझ्या एका भाचीचे विद्यावेतन सुरुवातीचे तीन महिने आलेच नाही. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. तेवढे दिवस मेसचे पैसे आम्ही घरून पाठवत होतो. म्हणून पहिल्या वर्षी तीन महिन्यांचा खर्च घरी बाजूला काढून ठेवावा.

दुसरी गोष्ट कराची. विद्यावेतनातून कर कापावा की नाही यावर वाद झालेले आहेत. ऑक्टोबर २०२१ च्या मार्डच्या संपात शैक्षणिक शुल्कमाफी आणि वसतिगृहांची दुरवस्था यांच्याबरोबर मुंबईच्या महापालिका रुग्णालयांतील ही करकपातही मागण्यांमध्ये होती. तुमच्या मुलीचे पैसे कापले जात असतील तर कपातीचा दाखला जपून ठेवायला सांगा आणि वेळेवर विवरणपत्र भरा. परतावा निघत असेल तर तो त्याशिवाय मिळत नाही. शंभर-दोनशे रुपयांसाठी भाजीवाल्याशी हुज्जत घालणाऱ्या आपण, इथे का सोडायचे?

तिसरी गोष्ट कर्जाची. शैक्षणिक कर्ज असेल तर शिक्षण चालू असताना मुद्दल मागत नाहीत, पण व्याज चढत राहते. विद्यावेतनातून निदान ते व्याज भरत जावे. घराच्या हप्त्याआधी हा हप्ता.

आणि चौथी, फार महत्त्वाची. सरकारी किंवा महापालिका महाविद्यालयातून एम.डी., एम.एस. झाल्यावर एक वर्ष सक्तीची सेवा करावी लागते. त्याला बॉन्ड म्हणतात. तो मोडला तर महाराष्ट्रात दंड ५० लाख रुपये आहे. होय, वाचलेत ते बरोबर आहे, ५० लाख. तेव्हा "तीन वर्षांनी दवाखाना" असे कुणी म्हणाले की तुम्ही चार मोजा. लग्नाची बोलणी करतानाही चारच मोजा.

खासगी महाविद्यालयाची गोष्ट

आता बोरिवलीच्या भगिनींचा प्रश्न. खासगी महाविद्यालयातही विद्यावेतन द्यावेच लागते. पण कागदावरचे आणि हातातले यांत फरक पडतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ साली खासगी महाविद्यालयांतल्या सुमारे आठ हजार पदव्युत्तर विद्यार्थ्यांची उत्तरे तपासली, तेव्हा चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिकांनी सांगितले की आम्हाला काहीच मिळत नाही. निम्म्याहून अधिकांनी सांगितले की सरकारीइतके मिळत नाही. आणि काहींनी तर असेही सांगितले की खात्यात जमा होते आणि मग महाविद्यालय ते परत घेते! जुलै २०२५ मध्ये आयोगाने सर्व महाविद्यालयांना फी आणि विद्यावेतन दोन्ही उघडपणे जाहीर करण्यास सांगितले. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी ही जाहीर केलेली रक्कम पाहा आणि त्याच महाविद्यालयात शिकणाऱ्या दोघा-तिघांना प्रत्यक्ष विचारा. मुलगी देताना आपण घराण्याची चौकशी करतो, मग लाखांची फी देताना का लाजायचे?

आणखी एक वाट आहे ती डी.एन.बी.ची. ही परीक्षा दिल्लीचे राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेते. महाविद्यालय नसलेल्या मोठ्या रुग्णालयांतही हे शिक्षण मिळते. घाटकोपरचे राजावाडी, तसेच अंधेरी-मुलुंडची काही मोठी खासगी रुग्णालये यांत आहेत. उपनगरातल्या मुलीला घरापासून जवळ पडते. विद्यावेतन मात्र रुग्णालयागणिक निराळे असू शकते, म्हणून प्रवेशाच्या वेळी आकडा लेखी घ्यावा. प्रबंध यालाही चुकत नाही.

प्रबंध म्हणजे नुसती जाड वही नव्हे

"प्रबंध" म्हटले की घरच्यांच्या डोळ्यांसमोर रेक्झिनच्या कव्हरातली सोनेरी अक्षरांची जाड वही येते. ती बांधून झाली, कपाटात गेली, संपले. पण त्याच्या आधीचे काम बघा. पहिल्या वर्षी विषय ठरवायचा आणि मार्गदर्शकांच्या संमतीने आराखडा लिहायचा. तो रुग्णालयाच्या नीतिशास्त्र समितीपुढे, म्हणजे इथिक्स कमिटीपुढे ठेवायचा. त्यांनी होकार दिल्यावरच पेशंटांची माहिती गोळा करायची. दीड-दोन वर्षे ती जमवायची, संख्याशास्त्राने तपासायची, लिहायची, आणि परीक्षेच्या किमान सहा महिने आधी विद्यापीठाला द्यायची. आपल्याकडे ते विद्यापीठ म्हणजे १९९८ साली स्थापन झालेले नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ. शिवाय संशोधनाच्या पद्धती शिकवणारा एक अभ्यासक्रम पुरा करायचा, तो चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने तयार केला आहे. आणि परिषदेत एखादे भित्तिपत्रक लावावे, निबंध वाचावा किंवा एखादा लेख छापून यावा अशीही अपेक्षा असते. हे सारे वॉर्ड सांभाळून!

अशा वेळी "एवढे पैसे दे, प्रबंध लिहून देतो" म्हणणारे भेटतात. शाळेत मी बघते, मुले गाइडमधला निबंध पाठ करतात आणि मास्तरीणबाईंना कळत नाही असे समजतात. पण माझ्या वर्गातल्या निबंधावर कुणाचे औषध ठरत नाही. डॉक्टरांच्या प्रबंधावर उद्या कुणी दुसरा डॉक्टर भरवसा ठेवून उपचार करील. तेव्हा घरातल्या मोठ्यांनी "अगं, सगळेच तसे करतात" हे वाक्य तोंडातून काढू नये.

आता मुलुंडच्या सासूबाईंसाठी दोन-तीन गोष्टी सांगते, त्याही आपल्याच मुंबईतल्या.

परळच्या केईएम रुग्णालयात १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले की जे कुठल्याच नेहमीच्या गटात बसेना. तपासणीत 'ओ' वाटावे, पण 'ओ' रक्त दिले तर जिवावर बेतावे. आज जगभर त्याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. ज्याचा तो गट आहे त्याला त्याच गटाचे रक्त चालते, दुसरे नाही. हे शोधले गेले नसते तर किती माणसे चुकीच्या बाटलीने गेली असती, विचार करा.

त्याच केईएमच्या डॉ. रुस्तुम वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर काय परिणाम होतो ते पेशंटांवर नीट नोंदी ठेवून तपासले आणि १९४९ साली ते इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापले. सर्पगंधा आजीच्या बटव्यातली. पण "गुण येतो" म्हणणे वेगळे आणि किती जणांना, किती दिवसांत, किती गुण येतो हे मांडणे वेगळे. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

तिसरी गोष्ट आपल्या बायकांचीच. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी दर दोन वर्षांनी तपासणी झाली. तपासणी कशाने? सौम्य ॲसेटिक ॲसिडने, म्हणजे जे व्हिनेगर आपण सॅलडवर घालतो त्याच जातीच्या द्रावणाने. ते लावले की बिघडलेला भाग पांढरा दिसतो. आणि तपासणाऱ्या कोण? दहावीपर्यंत शिकलेल्या, त्यासाठी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका. तपासणी झालेल्या वस्त्यांत या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. महागडे यंत्र नाही, मोठी प्रयोगशाळा नाही.

याच अभ्यासावर पुढे जगभर वादही झाला. उरलेल्या निम्म्या वस्त्यांतल्या बायकांना त्या काळात तपासणी दिली नाही, फक्त आरोग्यशिक्षण दिले, हे योग्य होते का? प्रश्न खरा आहे. म्हणूनच नीतिशास्त्र समिती लागते, आणि म्हणूनच तुमच्या सुनेने त्या समितीच्या कागदांना कंटाळू नये.

संशोधनाने पोट भरते का?

सरळ उत्तर देते. दवाखान्याइतके भरत नाही, पण उपाशीही ठेवत नाही. शिकत असताना प्रबंधासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आर्थिक साहाय्य देते. केईएमच्या डायमंड ज्युबिली सोसायटी ट्रस्टसारखे काही महाविद्यालयांचे स्वतःचे निधीही असतात. त्यासाठी अर्ज वेळेत करावा लागतो. तो केला नाही तर तपासण्यांचा, छपाईचा, परिषदेच्या फीचा खर्च मुलगी स्वतःच्या विद्यावेतनातून करते. घाटकोपरच्या भगिनींनी आपल्या मुलीला आधी हे विचारावे, "अर्ज केलास का?" प्रबंधापुरती जी जादा तपासणी असते तिचे पैसे पेशंटाकडून घ्यायचे नसतात, म्हणून तिला खर्च आहे हे ती खोटे सांगत नाही.

एम.डी., एम.एस.नंतर एक वर्ष सीनियर रेसिडेंट म्हणून काम केले की साधारणपणे महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होता येते. तिथे बढतीसाठी छापलेले लेख लागतात, म्हणजे संशोधन तिथे भाकरीशी जोडलेले आहे. पुढे पीएच.डी. करता येते. संशोधन परिषदेच्या दोन संस्था आपल्या परळलाच आहेत, एक रक्तविकारांची आणि एक स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याची. खारघरला टाटा स्मारकाचे कर्करोग संशोधन केंद्र आहे. डॉक्टरांना संशोधनासाठी काही वर्षे वेतन आणि निधी देणाऱ्या इंडिया अलायन्ससारख्या फेलोशिपही आहेत. त्या मिळणे सोपे नाही, पण जिचा प्रबंध स्वतःचा आणि खरा आहे, तिला निदान दार ठोठावता येते.

घरच्यांनी काय करावे

हे वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवा:

१. विद्यावेतनाचे खाते मुलीच्या किंवा सुनेच्या नावावर असू द्या आणि व्यवहार तिच्याच हातात. हातभार मागायचा तर ठरावीक आणि माफक. विद्यावेतनाच्या भरवशावर नवे कर्ज काढू नये.

२. तीन महिन्यांचा खर्च बाजूला. बॉन्डचे वर्ष हिशेबात धरलेले.

३. तीन वर्षांत तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. विद्यावेतन चालू राहते, पण राहण्या-जेवण्याची सोय आधी विचारून ठेवावी.

४. सुनेला बाळंतपणाची रजा नियमाने मिळते. हजेरी मात्र ८० टक्के भरावी लागते, ती कमी पडली तर परीक्षा पुढे जाऊ शकते. त्यावरून तिला बोल लावू नये. नातवंड हवे आणि सहा महिनेही वाया जायला नकोत, असे दोन्ही होत नाही.

५. रात्रपाळीहून आलेल्या मुलीला बोरिवलीच्या गाडीत उभी करून घरी यायचा आग्रह धरू नका. वसतिगृहात झोपू द्या. डबा पाठवता आला तर पाठवा. आणि तिला झोपायला नीट, कुलूप लागणारी खोली आहे का, हे एकदा स्वतः जाऊन बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कामावर असलेल्या निवासी डॉक्टर मुलीचे जे झाले, त्यानंतर हे विचारणे म्हणजे आगाऊपणा नव्हे. तो आईचा हक्क आहे.

६. फोनवर "पैसे आले का?" याच्या आधी "जेवलीस का, झोपलीस का?" विचारा. उत्तरात आवाज वेगळा लागला तर दुसऱ्या दिवशी भेटायला जा.

शेवटी एक तुमच्या स्वतःसाठी. कधी सायनच्या नाहीतर कूपरच्या ओपीडीत एखादी तरुण डॉक्टर तुमच्यापुढे कागद ठेवील आणि म्हणेल, "काकू, माझ्या प्रबंधासाठी थोडी माहिती हवी होती." कागद मराठीत मागा. वाचा, न कळले ते विचारा. "नाही" म्हणालात तरी तुमचे औषधपाणी थांबत नाही, तसा नियमच आहे. पटले तर सही करा आणि जे विचारील ते खरे खरे सांगा, गोळ्या चुकवल्या असतील तर तेही. तिच्या वहीत तुमचा आकडा खरा उतरला, तर उद्या तुमच्याच कुणा भाचीच्या उपचाराला तो उपयोगी पडेल.

पुढच्या अंकात पावसाळ्यासाठी धान्य कसे भरून ठेवावे ते पाहू. पत्रे जरूर पाठवा, आणि हिशेबाची असली तरी संकोच करू नका.